ठाम कोण आणि 'रिजिड' कोण?

गेल्या काही वर्षांत 'रिजिडिटी' ह्या इंग्रजी शब्दाने आपल्या घरांत चांगलेच ठाण मांडले आहे. मुलगा वडिलांविषयी म्हणतो, 'बाबा फार रिजिड आहेत.' सून सासूबाईंविषयी तेच म्हणते. कचेरीतले वरिष्ठ हाताखालच्या माणसाच्या वार्षिक अहवालात तेच लिहितात. धर्मग्रामाच्या सभेत कुणी जमाखर्चाची पावती मागितली, तर त्याच्याही नावाला हेच विशेषण चिकटते. एवढा सर्वसंचारी झालेला शब्द एकदा हातात घेऊन नीट पाहावा, त्याचे मूळ कोणते, त्याचे काम कोणते आणि आपण त्याला कोणत्या कामाला जुंपले आहे हे तपासावे, ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत. शब्दाशी आमचे वैर नाही. त्याच्या आजच्या वापरामुळे काही माणसांवर अन्याय होतो, असे मात्र आम्हांला वाटते.

सेमिनरीत लॅटिन घोकलेल्यांना ह्या शब्दाचे मूळ ठाऊक असते. 'रिगेरे' म्हणजे ताठ होणे, आणि त्यातही थंडीने गारठून ताठणे. त्यावरून 'रिगिदुस' हे विशेषण आणि 'रिगोर' हे नाम. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठतो, त्याला वैद्यकात 'रिगोर मॉर्टिस' म्हणतात. मोठ्या तापात जी हुडहुडी भरते, तिलाही डॉक्टर 'रिगर' म्हणतात. ह्या दोन्ही ठिकाणी देहाला काहीतरी होते. तो स्वतः काही करीत नाही. गारठलेल्या बोटांनी वाकायला नकार दिला, असे कुणी म्हणत नाही. ती वाकू शकत नाहीत. शब्दाच्या जन्मातच असलेली ही असमर्थतेची छटा वाचकांनी ध्यानी ठेवावी. पुढे तिची गरज पडेल.

इंग्रजीत 'रिजिडिटी' हे नाम सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळले. डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांच्या १७५५ सालच्या सुप्रसिद्ध कोशात 'रिजिड' ह्या विशेषणाचा जड वस्तूंना लागू पडणारा अर्थ आहे, तसा स्वभावाला लागू पडणारा अर्थही आहे. तेव्हा माणसाला हा शब्द लावण्याची खोड आजची नव्हे. इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यात तर तो गमतीनेही येतो. रटाळ व्याख्यान ऐकून आलेला इंग्रज आपण 'बोअर्ड रिजिड' झाल्याचे सांगतो, म्हणजे कंटाळून लाकूड झालो म्हणतो. मौज ही की, इथेही तो स्वतःचा स्वभाव सांगत नाही, आपली झालेली अवस्था सांगतो.

आता हा शब्द जिथे काटेकोरपणे वापरला जातो अशा तीन क्षेत्रांत आपण डोकावू.

पहिले क्षेत्र स्थापत्याचे. तिथे 'रिजिडिटी' हा मोजता येण्याजोगा गुण आहे. पदार्थाला पीळ दिला असता तो किती दाद देतो, हे 'मॉड्युलस ऑफ रिजिडिटी' ह्या संख्येने सांगतात. पोलादाची ही संख्या सुमारे ८० गिगापास्कल भरते, रबराची तिच्या पासंगालाही पुरत नाही. पण म्हणून कुणी पोलादाला दूषण देत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टाकोमा येथील खाडीवर झुलता पूल बांधला गेला. त्याचा मधला गाळा २,८०० फुटांचा, रस्ता अरुंद आणि त्याला आधार देणाऱ्या तुळया अवघ्या ८ फूट खोलीच्या. १ जुलै १९४० रोजी पूल खुला झाला. तो इतका लवचिक होता की, वाऱ्याबरोबर हेलकावे घेई आणि लोक कौतुकाने ते पाहायला जात. ७ नोव्हेंबर १९४० रोजी, पुरते वादळही नसताना, तो वाऱ्यात पिळवटत गेला आणि कोसळला. १९५० साली त्याच जागी उभारलेल्या पुलाला ३३ फूट खोलीची भक्कम कैचीबंद चौकट दिली गेली. लवचिकपणा हा सदासर्वदा सद्गुणच असतो, असे मानणाऱ्यांनी ही हकीकत जरूर आठवावी. उलट बाजूही खरी आहे. त्याच अभियंत्यांना पुलाच्या सांध्यांत उन्हाळ्यातल्या प्रसरणासाठी फटी ठेवाव्या लागतात. कुठे ताठ राहायचे आणि कुठे वाव द्यायचा, हे जागेवर अवलंबून असते. म्हणून अभियंता 'हा पूल रिजिड आहे' एवढ्यावर थांबत नाही. कोणता भाग, कोणत्या भाराखाली आणि किती, हे तो सांगतो.

दुसरे क्षेत्र वैद्यकाचे. पार्किन्सनच्या विकारात स्नायूंत जे ताठरपण येते, त्याला 'रिजिडिटी' हेच नाव आहे. ते ओळखण्याची रीत मोठी बोलकी आहे. डॉक्टर रुग्णाला हात सैल सोडायला सांगतात, त्याचे मनगट आपल्या हातात घेतात आणि सावकाश हलवून पाहतात. शिशाची नळी वाकवताना जसा सर्वत्र सारखा अडथळा लागावा तसा अडथळा लागला, किंवा दात्यांच्या चाकासारखे हिसके बसले, की निदान होते. लांबून पाहून ते होत नाही. रुग्णाचा हात हातात घ्यावाच लागतो. आणि निदान झाल्यावर रुग्णाला कुणी रागावत नाही.

तिसरे क्षेत्र मानसशास्त्राचे. अब्राहम लुचिन्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली पाण्याच्या भांड्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. तीन भांडी आहेत. त्यांत अनुक्रमे २१, १२७ आणि ३ मापे पाणी मावते. १०० मापे मोजून द्या. युक्ती अशी की, मोठे भांडे भरावे, त्यातून पहिले एकदा आणि तिसरे दोनदा भरून काढावे : १२७ मधून २१ आणि ३, ३ गेले, उरले १००. ह्याच युक्तीने सुटणारी आणखी काही कोडी दिल्यानंतर मध्येच विचारले जाई : भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, २० मापे हवीत. जुनी युक्ती इथेही चालते. पण २३ मधून ३ काढले की काम भागते, हे पुष्कळांना दिसतच नसे. ज्यांनी आधीची कोडी सोडवली नव्हती, त्यांना मात्र ते चटकन दिसे. म्हणजे ह्या मंडळींना बुद्धी कमी नव्हती. सवयीची वाट पायाखाली पडली होती. आपल्या घरांतून मुलांना तोंडपाठ रीत शिकवणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी ह्या प्रयोगाचे मनन करावे, इतका तो मोलाचा आहे.

ह्या तिन्ही क्षेत्रांत एक समान धागा आहे. 'रिजिडिटी' कशात आहे, हे सांगितल्याशिवाय शब्द वापरला जात नाही. तुळईत, मनगटात, कोडे सोडवण्याच्या सवयीत. 'कशात' हा प्रश्न गाळला की शब्द आपले काम सोडतो.

तो नेमका कसा गाळला गेला, हे पाहण्यासारखे आहे. लुचिन्स ह्यांच्या धर्तीवरची कोडी घेऊन मिल्टन रोकीच ह्यांनी १९४८ साली असे मांडले की, अशा कोड्यांत जे अडकून पडतात ते परवंशीयांविषयीच्या पूर्वग्रहांतही अधिक अडकलेले असतात. १९५० साली आडोर्नो आणि त्यांच्या तीन सहलेखकांनी हुकूमशाहीकडे झुकणाऱ्या व्यक्तिमत्त्वावर मोठा ग्रंथ लिहिला; त्यातही विचारांच्या ताठरपणाला महत्त्वाचे स्थान आहे. भांड्याच्या कोड्यापासून माणसाच्या सबंध स्वभावापर्यंतची ही उडी खुद्द लुचिन्स ह्यांना रुचली नाही; १९४९ साली त्यांनी रोकीच ह्यांच्या निष्कर्षावर टीकालेख लिहिला. पण विद्वानांच्या सावधगिरीला बाजारात कोण विचारतो? नाझी राजवटीच्या भयंकर आठवणी ताज्या असताना 'रिजिड' ह्या शब्दाला जो काळा डाग लागला, तो पुढेही राहिला. आज कुणाला 'रिजिड' म्हटले की त्याच्या एका सवयीविषयी आपण बोलत नाही; हा माणूस मनाने अपुरा आहे, असा निकाल देतो.

कॅथलिक वाचकांच्या कानी हा शब्द वारंवार पडला तो दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांच्या मुखातून. ते बोलत इटालियनमध्ये. 'रिजिदिता' हा त्यांचा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'रिजिडिटी' होऊन येई. २१ डिसेंबर २०१९ रोजी रोमन क्युरियापुढे नाताळनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी बदलाच्या भयातून उपजणाऱ्या ताठरपणापासून सावध राहण्यास सांगितले. इथे भय हे कारण नेमके नोंदवले आहे. २४ ऑक्टोबर २०१६ च्या प्रवचनात ते ह्याच विषयावर बोलले होते. ताठर माणसांच्या दुटप्पी जीवनावर त्यांनी कठोर टीका केली; पण त्यांतल्या प्रामाणिक माणसांना किती यातना होतात, हेही त्याच श्वासात सांगितले. मे २०१७ मधील एका प्रवचनात प्रामाणिक ताठर आणि ढोंगी ताठर असा भेद करून त्यांनी प्रामाणिकांत धर्मांतरापूर्वीच्या शौलाला बसवले. मथळ्यांत ह्यातले काय उरले? कारण गेले, भेद गेला, कणव गेली. एक विशेषण तेवढे उरले. मग ते विशेषण हाती घेऊन एका पक्षाने दुसऱ्याला झोडपावे, हे ओघानेच आले.

२०१६ च्या त्या प्रवचनाला आधार होता लूकच्या तेराव्या अध्यायाचा. अठरा वर्षे कंबरेत वाकलेली, ताठ उभी राहू न शकणारी स्त्री एकीकडे, आणि वाकू न शकणारा सभास्थानाचा अधिकारी दुसरीकडे. शब्बाथ दिवशी तिला बरे केले म्हणून अधिकारी संतापला. त्यावर येशूने विचारले ते त्याच्या गोठ्यातल्या बैलाविषयी : त्याला शब्बाथ दिवशी सोडून पाण्यावर नेता की नाही? म्हणजे नियम स्वतःच्या बैलासाठी वाकत होता, परक्या स्त्रीसाठी वाकत नव्हता. येशूने त्या मंडळींना ढोंगी म्हटले खरे, पण पुरावा समोर ठेवून. निष्ठुर ताठरपण ओळखण्याची ह्याहून नेटकी कसोटी आम्हांला ठाऊक नाही : हा माणूस जो नियम दुसऱ्याला लावतो, तो स्वतःलाही लावतो काय?

इंग्रजी भाषा खरे तर ह्या बाबतीत दरिद्री नाही. 'फर्म', 'स्ट्रिक्ट', 'स्टिफ', 'स्टबर्न', 'सिव्हिअर', 'रिजिड' ह्या शब्दांत तिने बारीक फरक राखले आहेत. चांगल्या शिक्षकाचे वर्णन इंग्रज 'फर्म बट फेअर' असे करतो. 'रिजिड बट फेअर' असे म्हणत नाही. 'स्ट्रिक्ट' शिक्षिका उशिरा आलेल्या मुलाला उभे करील, पण त्याची आई इस्पितळात आहे हे कळताच त्याला जवळ घेईल. 'रिजिड' शिक्षिकेला ती माहिती ऐकूच येणार नाही. 'स्टबर्न' माणूस वाकणार नाही. 'रिजिड' माणूस वाकू शकणार नाही. पहिल्याची समजूत घालावी, दुसऱ्याला आधार द्यावा. दोघांना एकच नाव दिले तर उपायही चुकतो. आणि नियतीचा खेळ पाहा : 'रिजिड'चा सख्खा भाऊ जो 'रिगर', तो विद्यापीठात प्रशंसेचा मानकरी आहे. प्रबंधात 'रिगर' असेल तर पदवी मिळते. भारतीय दंड संहितेने १८६० साली 'रिगरस इम्प्रिझनमेंट' लिहून ठेवले, ते आपल्या कोर्टकचेऱ्यांत 'सक्तमजुरी' झाले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही टिकून आहे. एकाच मुळाची ही लेकरे : एकाला हार, दुसऱ्याला शिवी, तिसऱ्याला तुरुंग.

शब्दनिवडीत स्वार्थ कसा शिरतो, हे बर्ट्रंड रसेल ह्यांनी १९४८ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात विनोदाने दाखवले होते. क्रियापद चालवावे तसे त्यांनी विशेषण चालवले : प्रथम पुरुषी जो गुण ठामपणा, तोच द्वितीय पुरुषी हट्ट ठरतो आणि तृतीय पुरुषी शुद्ध मूर्खपणा. आपल्या घरांतून कान देऊन ऐकावे. 'मी फार रिजिड आहे' हे वाक्य क्वचितच ऐकू येईल.

इंग्रजी साहित्यातील एका उदाहरणावर ही कसोटी लावून पाहू. सर थॉमस मोर हे इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सलर. आठव्या हेन्रीने मागितलेली शपथ त्यांनी एप्रिल १५३४ मध्ये नाकारली आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. रॉबर्ट बोल्ट ह्यांनी १९६० साली 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' ह्या नाटकात त्यांना सदसद्विवेकाचा वीर म्हणून रंगवले. हिलरी मँटेल ह्यांच्या २००९ सालच्या 'वुल्फ हॉल' कादंबरीत तेच मोर कोरडे आणि निष्ठुर दिसतात. तेव्हा मोर 'फर्म' की 'रिजिड'? आमच्या मते प्रश्नच अपुरा आहे. शपथेपुरते पाहिले तर गादीचा वारस ठरवण्याचा संसदेचा अधिकार ते मानत होते आणि तेवढी शपथ घ्यायला तयार होते. पोपचा अधिकार नाकारणारा भाग मात्र त्यांच्या गळ्याखाली उतरेना. ज्यांनी शपथ घेतली त्यांना त्यांनी दोष दिला नाही. जितके वाकता येईल तितके वाकून, जिथे सत्य मोडते तिथे थांबलेला हा माणूस आहे. ह्याला 'रिजिड' म्हणणे शब्दाचा अपमान होय. पण १५२९ ते १५३२ ह्या त्यांच्या अधिकारकाळात पाखंडाच्या आरोपावरून सहा जणांना जाळण्यात आले, त्यांतील काही प्रकरणांत त्यांचा प्रत्यक्ष हात होता, आणि ह्या शिक्षेचे त्यांनी लेखणीने समर्थनही केले. त्या बाबतीत मँटेल ह्यांनी टाकलेला उजेड आपल्याला अप्रिय वाटला तरी नाकारता येत नाही. संतपदाला पोहोचलेल्या माणसालाही एकच विशेषण पुरत नाही. मग आपल्या सासूबाईंना ते कसे पुरावे?

आता आपल्या मायबोलीकडे वळू. 'रिजिड' म्हणून आपण जे हाकलून दिले, त्यात काय काय होते? काटेकोर हिशेब, कडक शिस्त, करडी नजर, ठाम मत, खंबीर मन, निग्रही वृत्ती. आणि दुसऱ्या बाजूला हट्टी मूल, हेकट म्हातारा, आडमुठा शेजारी, कर्मठ आचार, ताठर भूमिका. पहिल्या सहांचा आपण आदर करतो, पुढच्या पाचांचा आपल्याला जाच होतो. इंग्रजी शब्द उसना आणताना त्या भाषेने राखलेले भेद आपण तिथेच ठेवून आलो आणि आपल्या भाषेतले भेदही गमावून बसलो. 'ताठ' ह्या एका शब्दाचे पाहा ना. ताठ मानेने जगावे, असे आपण मुलांना सांगतो. ताठा धरू नये, असेही सांगतो. ताठर होऊ नये, हेही सांगतो. गावातल्या अशिक्षित आजीलाही ह्या तिन्हींतला फरक कळतो. शिवाय भारतीय भाषांच्या शास्त्रीय परिभाषेत 'रिजिडिटी'ला 'दृढता' म्हणतात. आणि ज्या संस्काराने आपली मुले श्रद्धेत स्थिर होतात, त्यालाही आपण दृढीकरणच म्हणतो. तिथले मूळ लॅटिन मात्र 'फिर्मुस', म्हणजे इंग्रजीतला 'फर्म'. दृढपणा आणि गारठलेपणा ह्यांतली रेघ आपल्या पूर्वसूरींनी कशी सांभाळली होती, हे ह्यावरून दिसते.

ही रेघ पुसली की किंमत कोण मोजतो? मागील तारखेची सही करायला नकार देणारा कारकून. पतपेढीत तारणाशिवाय कर्ज मंजूर न करणारा संचालक. रात्री दहानंतर मुलीला एकटीने प्रवास करू न देणारी, आणि तोच नियम मुलालाही लावणारी आई. 'तुम्ही रिजिड आहात' एवढे म्हटले की त्यांच्या म्हणण्याला उत्तर देण्याचे कष्ट वाचतात. वाद न जिंकता प्रतिवादी नामोहरम होतो. चांगली माणसे ह्या शब्दाला भिऊन वाकतात आणि जे वाकायला नको होते ते वाकते. दुसरीकडे खरा ताठरपणा निर्धास्त राहतो. सुनेने नोकरी करू नये, धाकट्याने थोरल्यापुढे तोंड उघडू नये, जातीबाहेरच्या जावयाला उंबरा ओलांडू देऊ नये, असे म्हणणाऱ्या माणसाला नुसते 'रिजिड' म्हटल्याने त्याचे काय बिघडते? उलट तो ते भूषण समजून मिरवतो. त्याला विचारायला हवे, 'हा नियम कुणाच्या भल्यासाठी? तो तुम्हांला लागू झाला असता तर?'

म्हणून वाचकांना आमचे सांगणे साधे आहे. हा शब्द वापरायचाच असेल, तर इंग्रजी व्याकरणाचा एक छोटासा नियम पाळावा : त्याच्यापुढे 'अबाउट' जोडावे आणि पुढची जागा भरावी. 'बाबा रिजिड आहेत' असे म्हणू नये. बाबा जेवणाच्या वेळेबाबत ताठर आहेत, की माझ्या लग्नाबाबत, की पैशाच्या हिशेबाबाबत, ते म्हणावे. जागा भरता आली तर बोलणी सुरू होऊ शकतात, कारण जेवणाची वेळ बदलता येते; 'बाबा' बदलता येत नाहीत. जागा भरता आली नाही, तर शब्द मागे घ्यावा. आणि जागा भरल्यावर, डॉक्टरांप्रमाणे, त्या माणसाचा हात एकदा आपल्या हातात घेऊन पाहावा. तो खरोखरच गारठलेला असेल तर त्याला उबेची गरज आहे. तो ऊबदार असून घट्ट असेल, तर त्याने काहीतरी धरून ठेवले आहे. काय धरले आहे ते विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.